जुना एजंट, नवी तिजोरी

मराठीत समीक्षेला कधी तोटा पडलेला नाही. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, नाटकाच्या समीक्षेचीही होते. आणि लग्नातल्या मठ्ठ्याची तर पंगत उठायच्या आत होते. पण ऑफिसातले कॉम्प्युटर मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. ती उणीव मी आज भरून काढणार आहे. तुमचा अधिकार काय, असं विचाराल तर दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे मी बी.कॉम. आहे. 'मालमत्ता वहीत आहे म्हणजे ती जागेवर आहे असं ऑडिटरने धरून चालू नये' हे वाक्य मी ऑडिटिंगच्या पेपरात तीन प्रश्नांच्या उत्तरांत लिहिलं होतं आणि तिन्ही ठिकाणी मला मार्क मिळाले होते. दुसरं म्हणजे आमच्या शाखेचं डेड स्टॉक रजिस्टर, ज्याला सरकारी मराठीत 'जडसंग्रह नोंदवही' असं भारदस्त नाव आहे, ते गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. खुर्च्या, पंखे, कपाटं, भिंतीवरचं एक घड्याळ आणि एक पाय मोडलेलं स्टूल ही मंडळी दर मार्चअखेर माझ्यासमोर हजेरी लावतात. स्टुलाचं काय करायचं हा प्रश्न साहेबांसमोर दरवर्षी येतो आणि दरवर्षी पुढल्या मार्चवर जातो.

असो. विषयाकडे वळू.

नेटवर्कवरच्या यंत्रांची मोजदाद ठेवणारं हे सॉफ्टवेअर समजून घ्यायचं तर आपल्या सहकारी बँकेचा पिग्मी एजंट डोळ्यांसमोर आणावा. पिग्मी एजंट रोज पानवाल्याकडे, शिंप्याकडे, भाजीवाल्याकडे जातो, दहा-वीस रुपये गोळा करतो आणि शाखेत आणून भरतो. या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. प्रत्येक यंत्रात एक छोटा प्रोग्रॅम बसवतात, त्याला एजंटच म्हणतात. तो यंत्राच्या घरात शिरून चौकशी करतो: नाव काय, मेमरी किती, डिस्क किती भरली, विंडोज कुठली, पोटात काय काय प्रोग्रॅम आहेत. ही माहिती तो मधल्या सर्व्हरकडे पोचवतो. सर्व्हर ही शाखा, तिथे सगळ्यांचं खातं. हेड ऑफिसात बसलेल्या माणसाने एक बटण दाबलं की गडहिंग्लजच्या शाखेतल्या यंत्राच्या पोटात काय दुखतंय ते त्याला कळतं. आमच्या पोटात काय दुखतंय हे सांगणारी प्रणाली अजून निघायची आहे.

या क्षेत्रातही गाण्यासारखी घराणी आहेत. दोन ठळक घराणी फ्रान्सची. एक ओसीएस इन्व्हेंटरी, दुसरं 2003 साली सुरू झालेलं जीएलपीआय. दोन्ही खुली आणि फुकट, त्यामुळे आमच्यासारख्या संस्थांची लाडकी. ओसीएसच्या युनिक्सवरच्या एजंटापासून एक शाखा फुटली, तिचं नाव फ्युजन इन्व्हेंटरी. आणि फ्युजनच्या एजंटापासून पुढे जीएलपीआयचा स्वतःचा एजंट तयार झाला. 2022 साली जीएलपीआयची 10 क्रमांकाची आवृत्ती आली, तेव्हापासून मोजदादीला वेगळं जोडकाम लागेनासं झालं. ती घरातच होऊ लागली. गुरू, शिष्य, शिष्याचा शिष्य अशी ही परंपरा आहे. बंदिश एकच, तान वेगळी.

आता दोष सांगायचा तर हा की, प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर हे एजंट चार गोष्टी शिकतात, आणि शिकलेल्या माणसांसारखेच जुन्या नातेवाइकांना ओळखेनासे होतात.

यात त्यांचा दुष्टपणा नाही. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी निरोप दिला, विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 रोजी. नवा एजंट लिहिणारा पोरगा नव्या हत्यारांनी लिहितो. त्या हत्यारांतून तयार झालेला प्रोग्रॅम एक्सपीकडे अशा गोष्टी मागतो, ज्या एक्सपीच्या घरात कधी नव्हत्याच. मग एक्सपी सरळ सांगतं की ही फाइल माझ्या ओळखीची नाही, आणि दार लावून घेतं. दुसरी अडचण बोलण्याची. यंत्र आणि सर्व्हर यांच्यातलं गुप्त बोलणं ज्या टीएलएस नावाच्या भाषेत चालतं, तिची 1.0 एवढीच बोली एक्सपीला स्वतःहून येते. 1.2 ही बोली विंडोज 7 बरोबर आली. मार्च 2021 मध्ये 1.0 आणि 1.1 या दोन्ही बोली इंटरनेटच्या मानकं ठरवणाऱ्यांनी रीतसर मोडीत काढल्या. म्हणजे म्हातारा बोलतोय खरा, पण मोडी लिपीत, आणि खिडकीवरची मुलगी म्हणते, "बाबा, फॉर्म इंग्रजीत भरा."

तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर ते जुनं यंत्र टाकून का देत नाही? हा प्रश्न विचारणाऱ्याने आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी यावं. आमच्या शाखेत पासबुक छापायचा एक प्रिंटर होता. पासबुक तोंडात घ्यायचा, दोनदा नाक मुरडायचा आणि बरोबर ओळीवर छापायचा. त्याची केबल जुन्या रुंद पोर्टची, त्याचा ड्रायव्हर एक्सपीपुरता. नव्या यंत्रांना तो पोर्टच नसतो. त्यामुळे त्या प्रिंटरखातर ते यंत्र, आणि त्या यंत्राखातर एक्सपी, अशी ती एकत्र कुटुंबपद्धती 2023 पर्यंत आमच्या कोपऱ्यात नांदत होती. पेन्शनर मंडळींना मोबाइलवर शिल्लक दाखवली तर ती म्हणतात, "हे ठीक आहे हो, पण छापून द्या." कागदावर उमटल्याशिवाय पैसा आपला झाला असं त्यांना वाटत नाही. आणि खरं सांगू? मलाही वाटत नाही.

त्या साली हेड ऑफिसने मोजदादीचं काम बाहेरच्या एका मंडळींना दिलं. त्यांच्याकडून पंचविशीतला एक चुणचुणीत मुलगा आला. दुपारपर्यंत त्याचं काम उरकलं.

"सर, तुमच्या शाखेची यंत्रं तेरा. सगळी सपोर्टेड. शंभर टक्के!"

मी म्हटलं, "माझ्या रजिस्टरात चौदा आहेत."

"चौदावं कुठाय?"

"तू ज्याच्यावर चहाचा कप ठेवलायस ना, ते."

त्याने दचकून कप उचलला. "हां, हे होय! सर, ह्याच्यावर एजंट इन्स्टॉलच होत नाही. म्हणून हे रिपोर्टमध्ये येत नाही."

"म्हणजे हे नाही?"

"आहे ना सर. पण रिपोर्टमध्ये नाही."

"आणि रिपोर्ट काय म्हणतो?"

"शंभर टक्के."

माझी खरी टीका आहे ती इथे. वर्गात शिरून मास्तरांनी म्हणावं, 'जे गैरहजर असतील त्यांनी हात वर करा', आणि एकही हात वर आला नाही म्हणून शंभर टक्के हजेरी मांडावी, तसला हा प्रकार. ज्या यंत्राची सगळ्यात जास्त काळजी करायची, नेमकं तेच यंत्र मोजणाऱ्याला दिसत नाही. यंत्र जितकं म्हातारं, तितका रिपोर्ट तरुण! एखाद्या डॉक्टरने फक्त जिना चढून येणाऱ्यांनाच तपासावं आणि गावात गुडघेदुखी नाही असं जाहीर करावं, त्यातलीच ही गत.

यात बिघडलं कुठे, असं म्हणण्याचीही सोय नाही. रिझर्व्ह बँकेने 2 जून 2016 रोजी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली, आणि 19 ऑक्टोबर 2018 रोजी नागरी सहकारी बँकांसाठी वेगळी. दोन्हींत किमान काय करायला हवं याची जी यादी आहे, तिच्यात पहिलं कलम आहे यंत्रसामग्रीच्या यादीचं. कुलूप, किल्ली, पहारा हे सगळं नंतर. आधी आपल्या घरात आहे काय ते लिहून काढा. जून 2018 मध्ये त्याच रिझर्व्ह बँकेने एटीएममधल्या जुन्या प्रणाली जून 2019 पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलायला सांगितल्या. आता जुनं काय आहे तेच यादीत नसेल, तर बदलणार काय? डोंबल?

12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाची यंत्रांची साथ जगभर पसरली. यंत्रातल्या फाइलींना कुलूप घालून खंडणी मागायची, हे तिचं काम. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांना तिचा जबर फटका बसला. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या ऑक्टोबर 2017 च्या अहवालात 6,912 रद्द झालेल्या भेटी मोजलेल्या आहेत, आणि एकूण अंदाज 19,000 च्या वर दिला आहे. लोक तेव्हा एक्सपीच्या नावाने बोटं मोडत होते. पण बळी पडलेली बहुतेक यंत्रं एक्सपीची नव्हती. ती विंडोज 7 ची होती. तेव्हा विंडोज 7 हयात होतं, त्याच्यासाठी ठिगळही मार्च 2017 मध्येच निघालं होतं. ते लावायचं राहून गेलं होतं, एवढंच. म्हणजे दुखणं नुसत्या म्हातारपणाचं नव्हतं. कुणाला औषध दिलं आणि कुणाचं राहिलं याची यादी नीट नसण्याचं होतं. म्हातारं यंत्र जगू शकतं. विसरलेलं यंत्र मात्र सगळ्या घराला घेऊन जातं.

तर मग उपाय काय? जाणकारांत दोन पंथ आहेत.

पहिला पंथ म्हणतो, जुनं यंत्र नव्या एजंटाला दाद देत नाही ना, मग सगळंच जुनं बसवा. ऐकायला हे फार समजूतदार वाटतं. पण जुना एजंट बसवला की कुणी तरी म्हणतं, त्याच्याशी जुळणारा जुना सर्व्हर हवा. जुन्या सर्व्हरला जुनी पीएचपी हवी, कारण 2015 च्या डिसेंबरात पीएचपी 7 आली तेव्हा डेटाबेसशी बोलण्याची जुनी पद्धत तिने काढूनच टाकली. मग पीएचपी 5.6 आणा, जिची देखभाल 31 डिसेंबर 2018 रोजी संपली. ती पीएचपी नव्या लिनक्सवर सुखाने बसत नाही, मग लिनक्स जुनं आणा. ते लिनक्स नव्या यंत्राचे सुटे भाग ओळखत नाही, मग यंत्रही जुनं आणा. अशा रीतीने एका म्हाताऱ्याची हजेरी घ्यायला आपण अख्खा वृद्धाश्रम बांधतो. आणि गंमत अशी की, आता त्या सर्व्हरलाच मोजायला कुणी तरी हवा!

गमतीचा भाग सोडा. यात धोका मोठा आहे. सर्व्हरमध्ये सगळ्या यंत्रांची कुंडली असते. कुठल्या शाखेत काय जुनं आहे, कुठे ठिगळ लागलेलं नाही, हे सगळं एका जागी, अकारविल्हे लावून ठेवलेलं. चोराला याहून चांगला नकाशा कुठे मिळणार? 2022 साली जीएलपीआयच्या पोटात असंच एक भगदाड सापडलं. सोबत आलेल्या एका उसन्या प्रोग्रॅमची चाचणीची फाइल तिथे राहून गेली होती, आणि तिच्यातून बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर हुकूम सोडता येत होते. 10.0.2 पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडल्या. सप्टेंबर 2022 मध्ये 10.0.3 ही दुरुस्त आवृत्ती आणि जुन्या 9.5 साठीही दुरुस्ती आली. ज्यांनी 'चाललंय ना, मग हात लावू नका' म्हणत जुना सर्व्हर तसाच ठेवला, त्यांची तिजोरी उघडी राहिली. आणि तिजोरीत पैसे नव्हते, तर बाकीच्या सगळ्या तिजोऱ्यांचे पत्ते होते.

दुसरा पंथ म्हणतो, सगळं नवंच बसवायचं. ज्याच्यावर बसत नाही त्याचा विषय बंद. चहाचा कप ठेवणारा मुलगा याच पंथाचा. या पंथाचे रिपोर्ट फार देखणे असतात. ते पाहून साहेब खूश होतात, आणि चौदावं यंत्र कोपऱ्यात कप डोक्यावर घेऊन बसलेलं असतं.

समीक्षक म्हणून माझा निवाडा असा: पिग्मी एजंट जुना चालेल, तिजोरीचं कुलूप जुनं चालणार नाही. आमच्या बाजारातला पानवाला पंधरा वर्षांच्या ओळखीच्या एजंटाकडेच पैसे देतो. नवा मुलगा मशिन घेऊन गेला तर त्याला सुपारी देतो आणि वाटेला लावतो. म्हणून जुना एजंट ठेवणं हा शहाणपणा आहे. पण त्या एजंटाच्या सोयीसाठी शाखेची तिजोरी दोरीने बांधून ठेवणं हा वेडेपणा आहे.

आणि ही सोय मुळात उपलब्ध आहे, हे या घराण्यांचं मोठेपण. ओसीएसवाल्यांनी एक्सपी आणि 2003 च्या सर्व्हरांसाठी जुना एजंट निराळा काढून ठेवला होता. जीएलपीआय 10 चे एजंट आता नव्या धर्तीवर माहिती पाठवतात, पण जुन्या फ्युजन एजंटाने एक्सएमएलच्या जुन्या वळणात लिहून पाठवलेलं पत्रही तो सर्व्हर स्वीकारतो आणि स्वतःच नव्या वळणात उतरवून घेतो. मोडी वाचणारा एक माणूस खिडकीमागे बसवावा, तसं. ज्याने हे लिहिलं त्याला त्याच्या आजोबांनी वाढवलं असणार.

मात्र जुना एजंट बसवताना बँकेची शिस्त सोडू नये. पहिलं: जुनी आवृत्ती मूळ कर्त्याच्या कपाटातूनच घ्यावी. कुठल्या तरी भलत्या ठिकाणी फुकट मिळाली म्हणून घेतलेली फाइल म्हणजे बसस्टँडवर मिळालेली नोट. कर्त्याने त्या फाइलीचा हॅश, म्हणजे आकड्या-अक्षरांची खूण, दिलेला असतो. तो आपल्या फाइलीशी ताडून पाहावा. चेक पास करताना आपण नमुना सही पाहतो की नाही? मग इथे लाज कसली? दुसरं: सर्व्हरवरून सगळ्या यंत्रांवर सरसकट नवी आवृत्ती ढकलण्याची सोय असते, तिच्यातून म्हाताऱ्याचं नाव वगळावं. नाही तर रात्री नवा एजंट येतो, जुन्याला हाकलतो, स्वतः बसत नाही, आणि सकाळी घर रिकामं. तिसरं: अशा यंत्राला नेटवर्कवर वेगळ्या गल्लीत ठेवावं. त्याला प्रिंटरशी बोलू द्यावं, सर्व्हरशी बोलू द्यावं, गावभर फिरू देऊ नये. चौथं: जुनी आवृत्ती का बसवली, कुणाच्या परवानगीने आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे रजिस्टरात लिहावं. तारीख न घातलेली तात्पुरती व्यवस्था किती टिकते, हे आमच्या स्टुलाला विचारा.

आणि एजंट बसतच नसेल तर? त्यावरही ओसीएस घराण्यात एक फार घरगुती युक्ती आहे. सर्व्हर काही यंत्रांना शेजाऱ्यांची खबर ठेवायला नेमतो. ती यंत्रं आपल्या गल्लीत हाळी देतात. जो ओ देतो त्याचा पत्ता टिपून कळवतात. आत कोण राहतं ते कळत नाही, पण खोली रिकामी नाही एवढं कळतं. चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. जनगणनेवाल्याला दार न उघडणाऱ्याची माहिती समोरच्या काकू देतात, आणि ती जास्त खरी असते. तेही नाही जमलं, तर पेन आहे. सर्व्हरवर हाताने नोंद करता येते. यादीत 'माहीत नाही' असं लिहिलेलं चौदावं यंत्र हे यादीत नसलेल्या चौदाव्या यंत्रापेक्षा लाख पटीने बरं.

आमच्याकडे शेवटी हेच झालं. मुलगा मुळात हुशार होता. रजिस्टर आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवल्यावर त्याने वाद घातला नाही. जुना एजंट मूळ ठिकाणाहून घेतला, खूण ताडली, बसवला. दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टात शाखेची यंत्रं चौदा झाली आणि शंभर टक्क्यांचे ब्याण्णव पूर्णांक काहीतरी झाले. हेड ऑफिसचा लगेच फोन. "तुमच्या शाखेची टक्केवारी एकदम कशी घसरली?" साहेबांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "घसरली नाही साहेब, कळली."

आठ वर्षं आम्ही त्या प्रिंटरसाठी अर्ज करत होतो. लाल रंगात एक ओळ दिसायला लागल्यावर चार महिन्यांत नवा प्रिंटर आणि नवं यंत्र आलं. पेन्शनर मंडळींना छापील पासबुक मिळतं, आणि जुनं यंत्र डिस्क पुसून, रीतसर निर्लेखनाची टिप्पणी करून गेलं. जुना एजंटही त्याच्याबरोबर गेला. जुन्या आवृत्तीचं काम एवढंच असतं: जे नजरेआड झालं होतं ते दाखवायचं, आणि ते मार्गी लागलं की आपणही उठायचं. आता यंत्रं तेरा अधिक एक, चौदाच आहेत आणि रिपोर्टही चौदाच म्हणतो. स्टुलाला मात्र कुठलाच एजंट बसत नसल्याने त्याचा विषय येत्या मार्चमध्ये घ्यायचा ठरलं आहे.